अर्ध्या तलवारीचा नियम

४ मार्च

ताई,

पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं ते सातवीत शिकवतात म्हणे. मी सहावीतच पळालो. तेव्हा ते तू मनातल्या मनात वाचून घे आणि पुढे चल.

नवी जागा मिळाली. हो, चौथी. छापखाना, टायरचं दुकान, लिफ्टवाले आणि आता हे. इथे लाकूड कोरायच्या छिन्न्या बनवतात. पत्र्याचं छप्पर, दोन भट्ट्या, तीन ऐरणी, एक मिस्त्री आणि आम्ही चौघं. मिस्त्री दिवसाला दहा शब्द बोलतात आणि त्यातले सहा ‘हं’ असतात.

काल जेवणाच्या सुट्टीत एकाने विचारलं, घरी असताना रविवारी काय करायचास? म्हटलं, टेबलाभोवती बसून राक्षस मारायचो. तो घास हातात धरून बघतच राहिला. मग सगळं सांगावं लागलं. माझी ताई एक गोष्ट रचते, त्यात जंगलं, किल्ले, एक ड्रॅगन. आम्ही बाकीचे त्या गोष्टीतले एकेक जण. मामा जादूगार, शेजारच्या वहिनी तिरंदाज, मी ठेंगणा लोहार. ‘आता तू काय करतोस?’ असं ताई विचारते, आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. तो म्हणाला, ‘आणि आई ओरडत नाही?’ म्हटलं, आई चोर आहे. फाशांचा आवाज बंद करा म्हणून ओरडायला आली होती, ती बसली ती अजून उठलेली नाही.

माझा लोहार जिवंत आहे ना? पत्रातच सांग. खेळातलं फोनवर बोलायचं नाही हा तुझा नियम पाळतोय. फोनवर मी नुसता ‘हं हं’ करतो म्हणतेस. मिस्त्रींचं आणि माझं जमणार बहुतेक.

तुझा भिंगऱ्या

(पायाची भिंगरी काढून ठेवलीय. सध्या.)


११ मार्च

भिंगऱ्या,

लोहार जिवंत आहे. त्याचा कागद तुझ्या खुर्चीवर ठेवलाय आणि तिथे कोणाला बसू देत नाही. परवा मामांनी त्यावर चष्मा ठेवला तर आई म्हणाली, “दादा, उचल. तिथे माणूस आहे.”

लोहार जिवंत, पण खेळच मरायला टेकलाय. कारण मामा. जादूच्या वस्तू बनवायचा आपला नियम आठवतो ना? फाशांवर दहाच्या वर पडले की हवी ती वस्तू तयार. मामांचा हात असा काही चालायला लागला की एका दुपारी अकरा वस्तू! उडणारी सतरंजी, न विझणारा कंदील, आपोआप मारणारी काठी. गायब करणाऱ्या टोप्या तर दोन, ‘एक धुवायला टाकली तर’ म्हणून. ड्रॅगनसाठी मी तीन महिने गुहा रचली होती. तो चहा यायच्या आत मेला. सगळे म्हणाले, “बरं. आता?” गुहेपलीकडचं मी काहीच रचलं नव्हतं.

वहिनींनी सांगून टाकलंय, मेच्या पहिल्या रविवारपासून त्या बॅडमिंटनला जाणार. त्या गेल्या की मामा जातील, मग आई आणि मी समोरासमोर बसून काय करणार? मोडेल सगळं. तू गेल्यापासून आई आठवड्यात पोट धरून हसते ती फक्त त्या तीन तासांत. हे मी तुला सांगितलं नाही असं समज.

मी गोष्टी रचते, पण आयुष्यात शर्टाचं बटणसुद्धा धड लावलेलं नाही. तुझ्यासमोर रोज वस्तू बनतात. वस्तू बनते कशी रे? मला मेच्या पहिल्या रविवारी पक्के नियम टेबलावर हवेत, तुझ्या हातचे. तूच आमचा लोहार.

ताई


१८ मार्च

ताई,

मला नियम करायला सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. पण आई हसते ते वाचलं आणि (तू सांगितलं नाहीस तरी) बसलो लिहायला.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी एक गंजका तुकडा हातात दिला. “हे आधी काय होतं?” मी म्हटलं, लोखंड. ते म्हणाले, “हं.” पण ते नापास करणारं ‘हं’ होतं. इथे सगळं पोलाद भंगारातून येतं आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ट्रकच्या चाकांवर ती वाकडी पट्टी असते ना, कमान म्हणतात तिला, तिने जन्मभर ओझं झेललेलं असतं. तिची छिन्नी कशालाही दबत नाही. जुनी कानस आयुष्यभर दुसऱ्याला घासत आलेली. तिची छिन्नी केली तर धार भारी, पण डोकं तापट, कधी मोडेल सांगता येत नाही.

तर लिही. नियम पहिला. फासे उचलायच्या आधी सांगायचं की ही वस्तू कशापासून बनवणार आणि ते आधी काय होतं. जे होतं त्याचाच गुण वस्तूत उतरणार. मामांना उडणारी सतरंजी हवी? मग उडालेल्या कशाचा तरी धागा आणा. कुठून आणायचा तो त्यांचा प्रश्न.

नियम दुसरा. एक चांगली बनायच्या आधी तीन बिघडल्या पाहिजेत. बिघडलेल्या वस्तूही काहीतरी करतातच, फक्त आपण सांगितलेलं करत नाहीत. मी इथे नऊ बिघडवल्यात. म्हणजे या हिशेबाने तीन छिन्न्या माझ्या पुढे जमा आहेत.

तिसरा अजून भट्टीत आहे.

भिंगऱ्या


२३ मार्च

अरे भिंगऱ्या!

आज काय झालं ते ऐक. मामांना शत्रूला झोपवणारी ढाल हवी होती. मी विचारलं, कशाची? ते म्हणाले, लोखंडाची. आम्ही तिघी एका सुरात: “हं!” मिस्त्रींना सांग, त्यांचा आवाज आपल्या घरापर्यंत पोचलाय.

मग शोधाशोध. शेवटी आई म्हणाली, “झोपवायचंय ना? मग पाळण्याची कडी हवी.” आणि तिची चोरटी शिरली राजवाड्यात. पहारेकऱ्याने अडवलं. मी विचारलं, आता काय करतेस? म्हणाली, “अंगाई म्हणते.” आणि खरंच म्हटली रे, टेबलाशी बसून, पूर्ण, डोळे मिटून! फासे टाकले, अकरा. पहारेकरी झोपला, कडी हातात.

पण तीन ढाली बिघडवायच्या होत्या. पहिली स्वतःच घोरायला लागली. दुसरी धरणारा दूध मागत रडायचा. वहिनींच्या तिरंदाज बाईंनी धरली आणि त्या ऐन लढाईत भोकाड पसरून बसल्या. तिसरी नुसती झुलत राहायची, तिच्यामागे उभं राहिलं की मळमळ. चौथीने अख्खा किल्ला झोपवला. तीन तास कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. वहिनी जाताना म्हणाल्या, “बॅडमिंटनचं... बघू.”

पण मग माशी शिंकली. मामांना चढला जोर, त्यांनी तलवार घडवायला घेतली. पुरातसुद्धा न हललेल्या पुलाच्या खिळ्याची. गोष्टीतल्या तिसऱ्या दिवशी कानावर आलं की डोंगरापलीकडे राक्षस आलाय. मामांनी हातोडा टाकला आणि निघाले बघायला! तलवार अर्धी, ऐरणीवर. मामा म्हणतात, परत आलो की पुढे करीन, ती माझी. वहिनी म्हणतात, सोडून गेलात ना, आता मी पुरी करते. आई म्हणते, मी उचलली. तासभर नुसता वाद. वहिनी म्हणाल्या, “भांडायचंच असेल तर मला घरी नवरा आहे.”

तेव्हा तिसरा नियम हाच लिही. अर्धवट सोडलेल्या वस्तूचं काय करायचं? हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार! (टोमणा नाही. थोडासा आहे.)

ताई


१४ एप्रिल

ताई,

उशीर झाला. काम होतं. अर्धवट वस्तूचा नियम सोपा आहे. फेकून द्यायची. गेलं ते गेलं, दुसरं काहीतरी सुरू करायचं. संपलं. आईला सांग मी मजेत आहे.

भिंगऱ्या


हे दुसरं पान फक्त तुला. वाचून दाखवू नकोस.

मिस्त्रींनी मला पहिल्यांदा एक आख्खी छिन्नी करायला दिली, पहिल्या घणापासून शेवटपर्यंत. घडवली. कानस मारली. लाल केली, तेलात बुडवली. चर्र झालं की पोलाद कडक होतं, पण नुसतं कडक म्हणजे काचच. नंतर परत अगदी हळू तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. त्याला वेळ जातो आणि त्या वेळात करायचं काहीच नसतं, नुसतं उभं राहून रंग बघायचा. बाजूचे तिघं हात धुऊन निघाले होते. मी म्हटलं, काय होतंय एवढ्याने! घेतली आणि लाकडावर घातली. दोन तुकडे.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे उचलले, काहीतरी चिठ्ठी लिहिली, सुतळीने बांधली आणि वरच्या फळीवर ठेवून दिले. सगळ्यांना दिसेल असे. गेले आठ दिवस मी मान वर करून बघितलेलं नाही.

एक जण सांगत होता, रोपवेवर माणसं घेतायत. उंचावरचं काम, मोकळा वारा. २६ तारखेच्या शनिवारी दुपारी निघतो. पिशवी भरलीय.


२० एप्रिल

भिंगऱ्या,

चूक झाली, पण माझी नाही, माझ्या घशाची. सर्दीने आवाज पार बसला, म्हणून आज तुझं पत्र आईने वाचलं. पहिलं पान झालं, तिने उलटलं, आणि मी हात हलवायच्या आत दुसरं सुरू. मी जोरजोरात हात हलवले. तिला वाटलं मी माशी हाकलतेय. ‘पिशवी भरलीय’ पर्यंत सगळं वाचलं, खणखणीत आवाजात.

मग मामाच म्हणाले, “मीसुद्धा तलवार टाकून राक्षस बघायला गेलो होतो. तसा काही फार मोठा नव्हता तो.”

आईने पत्राची घडी घातली. म्हणाली, “नियम आलाय ना? फेकून द्या. बरं.” आणि तिच्या चोरटीने उकिरड्यावरची ती अर्धी तलवार उचलली. वापरायला गेली तर दोरीसुद्धा कापेना. तेव्हा मला विचारते, “ही कुठवर आली होती, काय राहिलंय, हे मला कळणार कसं? सोडणारा तर सांगून गेला नाही.” माझ्याकडे नियमही नव्हता, घसाही नव्हता. सगळे तिथेच उठलो. वहिनींनी रॅकेट माळ्यावरून खाली काढलीय असं त्यांचा नवरा सांगत होता.

तुझा नियम खोटा आहे. खरा पाठव. चार मेच्या आत. आणि आधी मला एक सांग, त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?

ताई

(खाली आईने लिहिलंय. मी वाचलेलं नाही. वाचलंय.)

पान वाचलं. घरी यायचं तर ये, रोपवेवर जायचं तर जा. कुठूनही आलास तरी चहा मिळेल. पण खुर्चीवर तुझा लोहार बसलाय आणि तो उठून गेलेला नाही. त्याला उठव असं मला सांगू नकोस.
आई


२६ एप्रिल, शनिवार

ताई,

हे सगळ्यांना वाचून दाखव. तुझा घसा बरा असला तरी आईलाच वाचू दे.

पत्र काल मिळालं. आज दुपारी पिशवी खांद्याला लावून मिस्त्रींसमोर उभा राहिलो आणि तोंडून निघालं, “त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?” त्यांनी पायाने स्टूल सरकवलं. “बघ.”

चढलो. लिहिलं होतं: कमान. घडाई चांगली. कानस चांगली. ताठा उतरवायचा राहिला. इथवर.

बाजूला अजून तुकडे होते, सगळ्यांना चिठ्ठ्या. मला इतके दिवस वाटत होतं, ही माझ्यासारख्यांच्या फजितीची फळी. सर्वांत जुन्या चिठ्ठीवर माझ्या जन्माच्या आधीचं साल. म्हटलं, हे कोणाचं? “माझं.” आणि हे? “माझं.” अकरा तुकडे त्यांचे निघाले! मग ते बोलले, आणि मी मोजत होतो, दहाच्या कितीतरी वर गेले. म्हणाले, “शेंडा मोडलाय. खालचं शाबूत आहे. जिथवर चांगलं आलं तिथवर चांगलंच असतं. ते कोण फेकतं? पण घाई का केलीस ते सांग, मगच मी हात लावीन.”

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. “मला थांबता येत नाही.” हे मी जिवंत माणसाला पहिल्यांदा बोललो. ते म्हणाले, “हं.” हे पास करणारं होतं.

मोडका शेंडा कापला. उरलेलं पुन्हा तापवलं, घडवलं, तेलात दिलं, घासून चकचकीत केलं आणि भट्टीच्या कडेला धरलं. आता थांबायचं. आधी काहीच होत नाही. वाटतं, आपण वेडे आहोत. मग वाळल्या गवताचा रंग बुडापासून सरकत सरकत वर येतो, इतका हळू की बघणाऱ्यालाच दिसतो. जरा आधी काढलं तर काच, जरा उशीर झाला तर मेण. मी बघत राहिलो. रंग टोकाला आला, मिस्त्री “आता!” म्हणाले, मी काढलं. मागे हे तिघं फिदीफिदी हसतायत. का, तर पिशवी अजून माझ्या खांद्यावरच होती. रोपवेची गाडी कधीच गेली.

तर लिही, पक्कं.

नियम तिसरा. शेवटचं काम हळूचं. वस्तू बनली की बनवणाऱ्याने एक आख्खी फेरी गप्प बसायचं. फासे नाहीत, बोलणं नाही. बोलला की वस्तू मोडली. (मामांना सांभाळा.)

नियम चौथा. अर्धवट वस्तू फेकायची नाही. तिला चिठ्ठी बांधायची. आधी काय होती, कुठवर आली, काय राहिलंय. मग कोणीही ती पुरी करावी, चोरानेसुद्धा. पण हात लावायच्या आधी, पहिल्याने ती का सोडली ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. आणि त्याने खरं सांगायचं.

भिंगऱ्या


४ मे

भिंगऱ्या,

वहिनी आल्या त्याच मुळी रॅकेट घेऊन. “पाच मिनिटं बसते, पहिला दिवस आहे, उशीर नको.” आईने तुझं पत्र वाचलं. ‘पिशवी खांद्यावरच होती’ तिथे आली आणि तिला पुढे वाचवेना. हसून हसून. शेवटी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचलं.

मग अर्धी तलवार टेबलावर आली. आई पुरी करणार, पण आधी मामांनी कारण सांगायचं. मामा खाकरले. “गावावर संकट आलं असता एका वीराचं कर्तव्य...” आई म्हणाली, “दादा. खरं.” मामांनी टेबलाकडे बघितलं. “मला वाटलं, माझ्यावाचूनच राक्षस मरेल आणि मला कोणी काही सांगणार नाही.” वहिनी म्हणाल्या, “अहो, आम्ही सांगितलं असतं हो.” इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मामांनी चिठ्ठी स्वतः लिहिली आणि स्वतःच बांधली.

मग ठरलं, मामा तलवार धरणार आणि आई घण घालणार. म्हणजे गप्पही दोघांनी बसायचं. तीन तलवारी बिघडवल्या (एक नुसती पूल दिसला की आडवी व्हायची) आणि चौथीच्या वेळी ती फेरी आली. भाऊ-बहीण समोरासमोर, ओठ मिटून. मामा लाल झाले, जांभळे झाले. त्यांनी हळूच पेन्सिल उचलली तर वहिनी ओरडल्या, “लिहिणंसुद्धा बोलणंच!” आई डोळ्यांनी त्यांना दटावत होती. फेरी संपली. मामांनी श्वास सोडला तो मला वाटतं तुला तिकडे ऐकू आला असेल.

तलवार बनली. ती ज्याच्या हातात, तो कुठल्याही पुरात वाहून जात नाही. सगळे एकमेकांचा हात धरून नदीपार गेलो.

वहिनींची पाच मिनिटं साडेतीन तास चालली. रॅकेट इथेच विसरल्या. पुढच्या रविवारी देते म्हटलं तर म्हणाल्या, राहू दे. आई त्या रॅकेटने माश्या मारते. खऱ्या.

ताई


२ जून

ताई,

तीन महिने होत आले एका जागी. तुझ्या वहीत लिहून ठेव, कोणाला खरं वाटणार नाही.

सोबत पुडकं आहे, आईसाठी. मोडक्या छिन्नीचा कापलेला शेंडा उरला होता, तो मिस्त्रींनी मलाच दिला. त्याचं सुरीचं पातं केलंय. चिठ्ठी बांधलीय: आधी ट्रकची कमान, मग मोडकी छिन्नी. पातं झालं. ताठा उतरवला. मूठ राहिली. इथवर.

मुठीला वेळ झाला नाही. तिकडे कोणाकडूनही बसवून घ्या, मामांकडूनसुद्धा चालेल.

भिंगऱ्या


९ जून

बाळा,

आज मीच लिहिते.

सुरी मिळाली. धार बघायला बोट लावलं, कापलं. म्हणजे चांगली आहे. चिठ्ठी तुझ्या अक्षरात आहे, पण कधी नव्हे ते अक्षर एका ओळीत आहे.

दादा स्क्रू आणि लाकडाचा तुकडा घेऊन हजर होता. मी हात लावू दिला नाही. नियम तुझाच आहे. मूठ का सोडलीस ते आधी तुझ्या तोंडून ऐकावं लागेल, आणि खरं. वेळ नव्हता हे खरं नाही. मी चोर आहे, मला कळतं.

फोनवर चालणार नाही. मिस्त्रींना विचार, चार दिवसांची सुट्टी घे, काम न सोडता ये.

सुरी टेबलावर आहे. खुर्ची पुसलीय. लोहाराला सांगितलंय, जरा सरकून बस.

आई